दिनविशेष : ८ जून १८२४

ब्रह्मदेशाची राजधानी आवा येथे अमेरिकन मिशनरी अडोनिराम जडसन यांना राजाच्या शिपायांनी घरातून पकडून नेले. इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटले होते आणि इंग्रजी बोलणारा प्रत्येक गोरा हेर ठरत होता. पत्नी अ‍ॅन गरोदर होत्या. तुरुंगात अन्न पोचवणे आणि सुटकेसाठी अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवणे त्यांनीच केले. पतीने केलेल्या नव्या कराराच्या ब्रह्मी भाषांतराचे हस्तलिखित त्यांनी उशीत शिवून पतीकडे पाठवले. जानेवारी १८२५ मध्ये मुलगी मारिया जन्मली. पुढे अ‍ॅन आजारी पडल्या, तेव्हा बेड्या घातलेला बाप तान्हीला घेऊन गावातल्या लेकुरवाळ्यांकडे दूध मागत फिरला. त्या माउल्यांनी ते दिलेही! १८२६ मध्ये अ‍ॅन गेल्या, पुढच्या वर्षी मारिया. जडसन यांच्याबरोबर नेमलेले मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईत आले, म्हणून हा इतिहास आपल्यालाही परका नाही.

ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, प्रोटेस्टंट चर्चमध्ये जडसन यांचे बायबलचे भाषांतर आजही वाचले जाते. त्यावर नाव एकट्या अडोनिराम यांचे असते. त्यातली योना आणि दानिएल ही पुस्तके ब्रह्मी भाषेत आणणाऱ्या अ‍ॅन यांना इतिहासाने निव्वळ सोशिक पत्नी ठरवले, हा अन्यायच.