हिंगोलीच्या छावणींतील कबुलीजबाब

युद्ध संपलें म्हणजे शांतता नांदूं लागते, अशी सर्वसाधारण समजूत असते. इतिहास तिला क्वचितच दुजोरा देतो. इ. स. १८१८ च्या जूनमध्यें दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. पुढल्या जानेवारींत निजामाच्या फौजेनें, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालीं, हटकर सरदार नोवसाजी नाईक यांची नोव्हाची गढी घेतली. त्याच सुमारास हिंगोलीस या फौजेची छावणी बसली. पलटणी आल्या, त्यांच्यामागें बाजार आला, साहेबलोकांचे बंगले उठले. रस्ते खुले झाले आणि व्यापारी बिनधास्त प्रवास करूं लागले. पण ज्यांचें पोट कालपर्यंत तरवारीवर चालत होतें, ते हजारों शिपाई याच शांततेनें बेकार केले होते.

या छावणीशीं इंग्रजी वाङ्मयांतील एका प्रसिद्ध साहसकथेचा निकटचा संबंध आहे. तिचा कर्ता फिलिप मेडोज टेलर हा १८०८ सालीं लिव्हरपूल येथें जन्मला. पंधराव्या वर्षीं तो मुंबईच्या एका व्यापारी पेढींत आला आणि त्याच वर्षीं, म्हणजे १८२४ सालीं, निजामाच्या फौजेंत दाखल झाला. पुढें पोलिसाच्या कामावर असतांना रस्त्यांच्या कडेला गळा आवळून मारलेल्या वाटसरूंचीं प्रेतें सांपडत असल्याचें त्याच्या कानीं आलें. तो छडा लावूं पाहत होता, तोंच त्याला पलटणींत परत बोलावण्यात आलें. ठगांचें रहस्य फोडण्याचें श्रेय स्लीमनला मिळालें, ही खंत टेलरनें आत्मचरित्रांत नमूद केली आहे.

त्याहून मोठा धक्का मात्र हिंगोलीस बसावयाचा होता. तेथील बाजारांत हरीसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी असे. टेलरसह अनेक अधिकारी त्याच्याशीं देवघेव करीत. एकदां त्यानें मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांजकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना घेतला. तें कापड वस्तुतः जवळच्याच एका गांवच्या व्यापाऱ्याचें होतें आणि तो स्वतः माल घेऊन येत होता. हरीसिंगानें त्याला चाकरमाणसांसह ठार केलें, सरकारी परवान्यावर माल छावणींत आणला आणि उजळ माथ्यानें विकला. पकडला गेल्यावर त्यानें हा प्रकार एखादी गंमत सांगावी तसा सांगितला. त्यानें सांगितला नसता, तर तो कधींच उघडकीस आला नसता.

छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आंत, बाजारांतच, माणसें मारलीं गेलीं होतीं. आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पांचशें यार्डांवर पुरलीं गेलीं होतीं. माफीचे साक्षीदार शांतपणें एकेक जागा दाखवीत. एका कोरड्या ओढ्याच्या पात्रांतून प्रेतांमागून प्रेतें निघालीं. अग्नि, फातिहा वा प्रार्थना यांपैकीं कांहींही त्यांच्या वांट्यास आलें नव्हतें. अखेर पाहणारांस शिसारी आली आणि खोदकाम थांबविण्यांत आलें. त्या पाहणारांत टेलर होता.

१८३९ सालीं लंडनमध्यें त्याची ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ ही कादंबरी तीन भागांत प्रसिद्ध झाली. नांवांतला ‘कन्फेशन’ हा शब्द मूळचा ख्रिस्ती धर्माचरणांतला. पापी मनुष्य धर्मगुरूपुढें पाप सांगतो, पश्चात्ताप करतो आणि क्षमा मागतो. टेलरच्या कथेंत धर्मगुरूच्या आसनावर इंग्रज साहेब बसला आहे आणि क्षमेच्या जागीं कायद्याची माफी आली आहे. पश्चात्ताप तेवढा नाहीं. सातशें एकोणीस खून सांगणारा अमीर अली, बारा वर्षें तुरुंगांत गेलीं नसतीं तर हजार भरले असते, असें हळहळून सांगतो. अजाणतां स्वतःच्या बहिणीचा जीव घेतल्याचें दुःख मात्र त्याला जाळीत राहतें.

या कबुलींत सत्य किती, हा वाद आजही चालू आहे. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या बोलण्यावर अवलंबून असे. साहेबाला हवें तें तो सांगणारच. म्हणून ठग हा भवानीभक्तांचा एक गुप्त पंथच होता, हें मत अलीकडचे अनेक इतिहासकार स्वीकारीत नाहींत. युद्धानंतरची बेकारी आणि मोडलेली राज्यव्यवस्था यांकडे ते बोट दाखवितात. ओढ्यांतील प्रेतें मात्र कोणी कल्पनेनें पुरलीं नव्हतीं.

याच मुलखांत त्याहून फार जुनी एक कथा सांगितली जाते. नर्सीच्या नामदेवांनीं म्हणे तारुण्यांत वाटमारी केली. पुढें औंढ्याच्या नागनाथापाशीं त्यांनीं मारलेल्या एका स्वाराच्या विधवेचा आक्रोश ऐकला आणि त्यांचें आयुष्य पालटलें. संत नामदेवांच्या चरित्रांतली म्हणून ही कथा बहुतेक अभ्यासक मानीत नाहींत. तरी ती लोकांनीं जपली, यालाही अर्थ आहे. तिच्यांत अपराध्याला साक्षीदार होण्यापूर्वीं एका विधवेचें रडणें ऐकावें लागतें. हिंगोलीच्या छावणींत सारें कांहीं लिहून घेतलें गेलें. त्या कापडवाल्याच्या घरचें रडणें मात्र कोणत्याही कबुलीजबाबांत उतरलें नाहीं.