थाळनेरात ताबा कुणाचा?

27 फेब्रुवारी 1818, भर दुपार. तुमच्या हातात तोड्याची बंदूक आहे, पाठ तापलेल्या तटाला टेकलेली आहे आणि जिभेवर दारूच्या धुराची कडवट चव आहे. खाली तापी. समोरून तोफेचा गोळा येतो आणि बाहेरच्या दरवाजाची एक फळी उडते. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरच्या किल्ल्यात तुम्ही आलात कसे, हे विचारायला उसंत नाही. दंडावर जुन्या जखमेचा व्रण दिसतो आणि तो लगेच ओळखीचा वाटतो. शेजारचा अरबीत शिवी हासडतो, ती तुम्हाला कळते. तुम्ही किल्ल्याच्या शिबंदीतले अरब शिपाई आहात.

या देहात येऊन तुम्हाला पाव तास झाला असेल नसेल. तेवढ्यात हा बुरूज ‘आमचा’ झाला, समोरच्या तोफा ‘त्यांच्या’ झाल्या, आणि बंदूक तर ‘माझी’च. ती काल कुणाची होती हे तुम्हाला ठाऊक नाही आणि ते विचारावंसंही वाटत नाही.

समोर सर थॉमस हिस्लॉपची फौज आहे. महिदपूरला होळकरांना हरवून ती सातपुडा उतरून आली आहे. ज्या तटासाठी तुम्ही गोळ्या झाडताय तो कागदावर सात आठवड्यांपूर्वीच गेलेला आहे. 6 जानेवारीला मंदसौरला तह झाला आणि अल्पवयीन मल्हारराव होळकरांच्या दरबाराने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना लिहून दिला. त्यात खानदेश आला, म्हणजे थाळनेरही आलं. किल्लेदार तुळशीराम मामा मात्र किल्ला खाली करत नाही. कागद एकाचा, भिंत दुसऱ्याची आणि जीव तिसऱ्याचा असा हा मामला आहे.

पुढचं झपाट्याने घडतं. किल्लेदार बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन होतो. आतल्या दरवाजाची दिंडी उघडते, काही गोरे अंमलदार आत शिरतात. काहीतरी बोलणं होतं. ते कुणाला कळलं नाही की मुद्दाम दगा झाला, यावर पुढे बरेच वाद झाले. तलवारी उपसल्या जातात आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच पडतात. मग बाहेरची फौज आत घुसते आणि शिबंदीतल्या सुमारे तीनशे जणांची कत्तल होते. किल्लेदाराला त्याच दिवशी फासावर चढवतात. फाशीची चर्चा लंडनपर्यंत गेली. 1819 साली पार्लमेंटने फौजेचे आभार मानले, पण हिस्लॉपचं थाळनेरातलं वागणं त्या आभारातून बाजूला ठेवलं. तुमचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

तर तुम्ही मेलात. जाताना काय गेलं? बंदूक कुणीतरी उचलली. बुरूज जागेवर राहिला. पावणेसहा फूट देह तर पाव तासाच्या वहिवाटीचा. तरी शेवटच्या क्षणाची भीती अगदी खरी होती, आणि ती ‘माझी’ होती.

इथे जरा थांबून एक गंमत सांगतो. 1990 साली डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी एका प्रयोगाचे निकाल छापले. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट वाटले आणि बाकीच्यांना नुसते दाखवले. ज्यांच्या हातात मग आला होता ते विकायची जी किंमत मागत, ती न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त भरली. मग तोच, दुकान तेच. हाती येऊन थोडा वेळ झाला एवढाच फरक. थाळनेरच्या तटावर तुमचं जे झालं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं. आपण समजतो की आधी ‘मी’ असतो आणि मग तो एकेक वस्तू आपलीशी करतो. मला वाटतं, गाडी उलट धावते. ‘माझं’ आधी येतं. त्याच्या पोटी ‘मी’ जन्मतो आणि मोठा झाल्यावर आईलाच आपली मालमत्ता म्हणू लागतो. विल्यम जेम्सने 1890 मध्येच लिहून ठेवलं होतं की माणूस ज्याला आपलं म्हणू शकतो, देहापासून घर, जमीन आणि बँकेतल्या खात्यापर्यंत, त्या सगळ्याची बेरीज म्हणजे त्याचा ‘मी’.

पुन्हा डोळे उघडा. साल 1370. तुम्ही घोड्याचा खरारा करताय. मलिक राजा नावाच्या सरदाराच्या पागेतले मोतद्दार आहात तुम्ही. फिरिश्त्याने दिलेली हकिकत अशी: दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक शिकारीत साथीदारांपासून चुकला, उपाशी फिरत होता, तेव्हा याच मलिक राजाने त्याला खाऊ घातलं. सुलतान खूश झाला आणि बक्षीस म्हणून थाळनेर आणि करवंद लिहून दिलं. करवंद म्हणजे शिरपूरजवळचंच. एका जेवणाच्या बदल्यात दोन परगणे! इथे पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्यांना ही बातमी कुणी कळवली असेल असं वाटत नाही. पण तुम्हाला तिकडे बघायला सवड नाही. मालकाला थाळनेर मिळालंय आणि तुम्ही सोबतच्या पोराला अभिमानाने सांगताय, “आपलं झालं थाळनेर.” मोतद्दाराचं काय झालं होतं? खरारा तोच, लीदही तीच.

मलिक राजा 1399 साली गेला. त्याने मुलांना वाटणी करून दिली होती: थोरल्या नसीरला लळिंग, धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. नसीरला ते पुरलं नाही. 1417 मध्ये माळव्याची मदत घेऊन त्याने भावाकडून थाळनेर हिसकावलं. वाटणीवरून भाऊबंदकी ही खानदेशात तरी नवी गोष्ट नाही. मलिक राजाच्या या फारुकी घराण्याने पुढे बुऱ्हाणपूर वसवलं, 1601 मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत राज्य केलं, आणि सुरुवातीचे सुलतान थाळनेरलाच मातीत गेले. आज गेलात तर त्यांच्या कबरी दिसतील. भावाचं गाव हिसकावणारा नसीरही तिथेच आहे. त्याच्या वाट्याला कबरीपुरती जागा उरली, तीही आता पुरातत्त्वाच्या नोंदीत.

(थाळनेर हे लता मंगेशकरांचं आजोळ. गावात विषय काढा, ‘आमच्या लताबाई’ अशीच सुरुवात होईल.)

आणखी मागे चला आणि तापीने वर जा, पूर्णा जिथे तिला मिळते तिथवर. तेराव्या शतकाची अखेर. आता तुमच्या कमरेला एक कागद खोचलेला आहे आणि तुम्ही तो दर कोसाला चाचपून बघताय. तुम्ही चांगदेवांचे शिष्य. गुरू चौदाशे वर्षांचे, वाघावर बसणारे, काळाला चुकवलेले, अशी त्यांची ख्याती. त्यांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यालाच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने थोर. थोर म्हणून नमस्कार लिहावा, तर वय चौदाशे. शेवटी कोराच कागद धाडला. तो तुमच्या कमरेला आहे. त्यावर काही नाही, तरी तो हरवला तर काय, या धास्तीने तुमची झोप उडालीय. गुरूंचं पत्र, आणि ते पोचवणारा मी! रिकाम्या कागदावरही मालकी सांगता येते, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

कागद पाहून ज्ञानदेवांची धाकटी बहीण मुक्ताई हसली म्हणतात. चौदाशे वर्षं जगून म्हातारा कोराच राहिला, अशा अर्थाचं काही बोलली. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. त्यांचा रोख असा की भेटायला दोघं लागतात, आणि इथे दोघं आहेतच कुठे? चांगदेवांची खरी अडचण मायन्याची नव्हतीच. आयुष्याची चौदाशे वर्षं त्यांनी गाठीला बांधली होती, आणि कागदावर पहिला शब्द उमटण्याआधी त्या गाठोड्याचा मान ठरवायचा होता. पुढे त्यांनी कोवळ्या वयाच्या मुक्ताईलाच गुरू केलं. त्याच तापीच्या काठी, मेहूणला, वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली. शके 1219, म्हणजे 1297. अभंग सोडले तर तिने मागे काही ठेवलं नाही. समाधीच्या जागेबद्दल मात्र माणसांची मतं आजही ठाम आहेत.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळी मायाच. ते एवढ्या सहज पचू नये म्हणून आता दोन ठिकाणी नेतो.

1852. तुम्ही चोपड्याकडचे कुणबी आहात आणि तुमच्या शेतात साहेबाची माणसं तेहतीस फुटी साखळी ओढताहेत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. ही मोजणी सारा वाढवण्यासाठीच आहे अशी हवा पसरते. सावदा, फैजपूर, एरंडोल, चोपडा या भागात लोक हजारोंनी जमतात आणि शेवटी सरकार फौज आणतं. मोजणी थांबत नाही. बांधावरच्या बाभळीने ओळखायचं शेत त्या वर्षांत सर्व्हे नंबर होतं. आजवर ‘माझं’ म्हणायला शेतात उभं राहावं लागायचं. यापुढे मुंबईत बसूनही म्हणता येणार आहे.

आणि आता शिरपूरच्या उत्तरेला, बोराडीच्या वर, सातपुड्यात. या खेपेला तुम्ही पावरा बाई आहात. डोंगरउतारावर तुमचं नेवाड आहे, जंगल तोडून केलेला शेताचा तुकडा. तुमच्या सासऱ्यानेही तेच कसलं. कागद नाही. दर दोन-चार वर्षांनी वनखात्याचा माणूस येतो, अतिक्रमणाचा दंड करतो आणि पावती देतो. ती पावती तुम्ही पत्र्याच्या डब्यात जपून ठेवता, कारण सरकारी शिक्का असलेला तोच एक कागद घरात आहे. मग 2006 चा वनहक्क कायदा येतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत आहात हे दाखवा, असं तो म्हणतो. पुरावा काय? दंडाची पावती. ‘ही जमीन तुझी नाही’ असं सांगायला दिलेला कागदच ‘ही जमीन हिच्याकडे होती’ हे सिद्ध करतो.

या बाईला ‘मालकी हा भ्रम आहे’ असं सांगायला कुणी जाऊ नये. तो निर्लज्जपणा होईल. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याने ज्याच्याकडे काही नाही त्याला अनासक्ती शिकवायची, ही आपली जुनी खोड. उलट या कायद्यातला पट्टा मला फारुक्यांच्या सनदेपेक्षा शहाणा वाटतो. तो नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, मुलांकडे जातो, पण विकता येत नाही. जमीन कसा, तिच्यावर पोट भरा, पुढच्याला द्या. तुकडा ‘माझा’ आहे, पण त्याचा भाव करायला मी मोकळा नाही.

आता या. आजचं शिरपूर, तुमचा स्वतःचा देह, खिशात तुमचा मोबाइल. 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या आखणीने आणि इथले नेते अमरीशभाई पटेलांच्या पाठबळाने तालुक्यातले नाले रुंद आणि खोल केले गेले, बिनदाराचे बंधारे झाले. पाणी मुरतं एकाच्या बांधालगत आणि विहीर भरते दुसऱ्याची. तरी प्रत्येक जण ‘माझं पाणी’च म्हणतो.

तलाठ्याच्या टेबलाशी गर्दी आहे. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण लोकांच्या तोंडी तलाठीच. एक म्हातारे आबा सात-बाराच्या उताऱ्यावर बोट फिरवत विचारतात, “मना बापनं नाव कोठे शे?” तलाठी कंस केलेलं नाव दाखवतात. माणूस गेला की वारसाचा फेरफार होतो, त्याच्या नावाला कंस पडतो आणि खाली नवी नावं येतात. आबांचं नाव त्याच कंसाच्या खाली आहे. तुमचंही तुमच्या गावी असंच कुणाच्या तरी कंसाखाली असेल. बंदूक, थाळनेर, कोरा कागद, यांच्याइतकाच वेळ ते तुमच्याकडे आहे. फक्त घड्याळ जरा हळू चालतंय.

म्हणून शेवटचं बोलणं व्यवहाराचं. वडील किंवा आजोबा जाऊन वर्षं झाली आणि वारस नोंद तशीच लोंबकळत असेल, तर ती करून घ्या. जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 149 प्रमाणे मिळालेला हक्क तीन महिन्यांच्या आत कळवायचा असतो. नोंद करताना बहिणींची नावं गाळू नका. खानदेशात, आणि खानदेशाबाहेरही, भाऊबीजेच्या ताटाशेजारी हक्कसोड पत्र ठेवायची पद्धत आहे. त्या वेळी बहिणीला ‘शेवटी सोबत काय न्यायचंय?’ असं ऐकवणारे भाऊ मी पाहिले आहेत. सोबत काही न्यायचं नाही हे खरंच असेल, तर ते आधी आपल्या हिश्श्याबद्दल म्हणावं, आणि बहिणीचं नाव उताऱ्यावर राहू द्यावं.