सेंट एलियास पर्वत : सागरसान्निध्य, हवामान आणि इतिहास

अलास्का आणि कॅनडातील युकॉन यांच्या सीमेवर, सुमारे ६०° उत्तर अक्षांशावर, ५,४८९ मीटर उंचीचे सेंट एलियास शिखर उभे आहे. समुद्राचे पाणी त्याच्यापासून अवघ्या १६ किलोमीटरवर आहे. या सागरसान्निध्यामुळे शिखर दर्यावर्दींच्या दृष्टीस लवकर पडले. मात्र त्याच कारणाने ते दीर्घकाळ अगम्यही राहिले. या पर्वताचा इतिहास त्याच्या हवामानापासून वेगळा काढता येत नाही, तो यामुळेच.

अलास्काच्या आखातावरून येणारे बाष्पयुक्त वारे या पर्वतभिंतीला अडून वर चढतात आणि प्रतिरोध पर्जन्य होतो. किनाऱ्यावरील याकुटाट येथे वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर वृष्टी होते. उंचावर तीच हिमरूपाने साठते व मालास्पिनासारख्या विस्तीर्ण गिरिपाद हिमनदीला पोसते.

युरोपीय नोंदींत हे शिखर १७४१ मध्ये आले. रशियाच्या सेवेतील विटुस बेरिंगने त्या जुलैमध्ये ते जहाजावरून पाहिले. जवळच्या बेटाच्या टोकाला संत एलियासच्या स्मृतिदिनावरून दिलेले नाव पुढे शिखरालाही लागले. तथापि ट्लिंगिट लोकांच्या भाषेत त्याला 'आइसी बेमागचा पर्वत' या अर्थाचे नाव होतेच. कॉपर नदीकडून स्थलांतर करून आलेल्या त्यांच्यातील एका कुळाने हे शिखर कुळचिन्ह म्हणून स्वीकारले. म्हणजे बेरिंगने पर्वताचा 'शोध' लावला, हे विधान केवळ युरोपीय नकाशांपुरते खरे ठरते.

१७९१ मध्ये आलेसांद्रो मालास्पिनाच्या स्पॅनिश मोहिमेने किनाऱ्यावरून मोजलेली उंची आजच्या मापापेक्षा सुमारे ५० मीटरच कमी होती. परंतु उंची मोजल्यावर माथा गाठण्यास आणखी १०६ वर्षे लागली. अमेरिकी भूशास्त्रज्ञ इस्राएल रसेल यांना १८९० व १८९१ अशा दोन्ही प्रयत्नांत वादळे व हिमवृष्टी यांमुळे परतावे लागले. अखेर ३१ जुलै १८९७ रोजी इटलीचे आब्रुझीचे ड्यूक लुइजी अमेदेओ यांचा चमू मालास्पिना हिमनदी ओलांडून शिखरावर पोहोचला.

पर्वत व समुद्र यांतील अंतरही स्थिर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आजची आइसी बे हिमाने भरलेली होती. हिमनद्या मागे हटल्यावर टान फियोर्ड उघडा पडला आणि बर्फाचा आधार गेलेले उतार अस्थिर झाले. १७ ऑक्टोबर २०१५ रोजी तेथे दरड कोसळून उठलेल्या त्सुनामीचे पाणी समोरच्या उतारावर १९३ मीटर उंचीपर्यंत चढले.

ज्या हिमाने गिर्यारोहकांची वाट अडवली, त्यानेच डोंगरउतारही सावरून धरले होते. त्यामुळे बर्फाच्या माघारीची नोंद या पर्वताच्या इतिहासात आरोहणाइतकीच महत्त्वाची मानावी लागते.