वाकडे शंख, काळा पाषाण आणि ‘ऱ्हासा’ची कथा

१/ अंबाजोगाईचा हत्तीखाना ज्या काळ्या पाषाणात कोरला आहे, त्यात समुद्री जीवाश्म शोधू नयेत. तो बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. तरीही एका समुद्री कुळाच्या अंताची चर्चा या दगडाला वगळून होत नाही.

२/ ते कूळ अमोनाइटांचे: माकुल आणि ऑक्टोपस यांचे शंखधारी नातलग. आपल्या देवघरातील गंडकीच्या शाळिग्रामावर दिसणारे चक्र बहुधा त्यांच्याच वेटोळ्याची खूण असते.

३/ क्रिटेशस कालखंडात मात्र अनेक जातींनी हे वेटोळे सोडले. बॅक्युलाइटीस काठीसारखा सरळ, टर्रिलाइटीस मळसूत्री, तर काही केसांच्या पिनेसारखे दुमडलेले. उत्तर अमेरिकेला दुभंगणाऱ्या अंतर्देशीय समुद्रात बॅक्युलाइटीस विपुल होते. आपल्याकडे पुदुच्चेरीजवळच्या खडकांतील अशाच शंखांचे वर्णन एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४६ मध्ये प्रसिद्ध केले.

४/ एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन अभ्यासक अल्फियस हायट यांना अशा आकारांत वंशाचे वार्धक्य दिसले. व्यक्तीप्रमाणे वंशही जराजर्जर होतो, विकृत होतो आणि संपतो, असा तो सिद्धान्त.

५/ पुराव्यापुढे तो टिकला नाही. असे आकार त्याआधीच्या ट्रायासिक कालखंडातही होते. क्रिटेशसमध्ये तर ते कोट्यवधी वर्षे नांदले. काहींच्या वंशजांनी पुन्हा नेहमीचे वेटोळे धारण केले, हे योस्ट वीडमान यांनी १९६९ मध्ये मांडले. वार्धक्य असे उलटत नाही.

६/ अंत बाहेरून आला. मेक्सिकोतील चिक्सुलूबचा अशनिपात हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. दख्खनच्या लाव्ह्याचा, अर्थात बीडच्या पाषाणाचा, त्यात वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

७/ आता मानवी इतिहासाकडे वळू. याच अंबाजोगाईत यादव सेनापती खोलेश्वराच्या काळचे शिलालेख आहेत. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जीने देवगिरी लुटली. पुढे यादवसत्ता बुडाली. त्या पाडावाचे मूळ हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील व्रतवैकल्यांत शोधण्याची प्रथा आपल्या इतिहासलेखनात रूढ आहे.

८/ पण व्रते यादवांपूर्वी होती आणि त्यांच्यानंतरही राहिली. शंखांना लावलेली कसोटी येथेही लावावी: ज्याला आपण ऱ्हासाचे लक्षण म्हणतो, ते भरभराटीच्या काळातही होते का? असेल, तर ते कारण नव्हे. शेवट आधीच ठाऊक असल्याने आपल्याला ते तसे दिसते, इतकेच.