बटणांच्या फोनमधला रिमोट

मोबाइलवरून संगणक चालवणे ही स्मार्टफोनची देणगी, अशी सर्रास समजूत आहे. ती खरी नाही. ही सोय बटणांच्या फोनवर आधी आली, आणि तीही ते फोन फार हुशार होते म्हणून नव्हे, तर त्यांनी एक जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली भाषा सोडली नव्हती म्हणून. स्वीडनमधल्या लुंड येथे एरिक्सनच्या अभियंत्यांनी 1994 मध्ये ब्लूटूथच्या कामाला हात घातला, तेव्हा उद्देश साधा होता: फोनची वायर काढून टाकायची. म्हणूनच 1999 च्या पहिल्या आवृत्तीपासून ब्लूटूथमध्ये सिरियल पोर्टची हुबेहूब नक्कल होती. संगणकाला समोर रेडिओ दिसतच नसे, नेहमीचा कॉम पोर्ट दिसे. आणि त्यावरून जात त्या 1981 च्या हेज मोडेमपासून चालत आलेल्या ‘एटी’ आज्ञा. एरिक्सनने त्यांत स्वतःची भर घातली होती. त्यामुळे त्यांच्या टी68 फोनच्या मेनूत संगणक आपली यादी मांडू शके. इवल्या जॉयस्टिकने ‘पुढचे गाणे’ निवडले की फोन फक्त ती निवड कळवी. गाणे बदलण्याचे काम संगणकाचे. फोनमध्ये एकही प्रोग्रॅम टाकावा लागत नसे! जोनास सॅलिंग यांच्या ‘सॅलिंग क्लिकर’ या प्रोग्रॅमने मॅकवर याच वाटेने मजल मारली: फोन खिशात घेऊन माणूस खोलीबाहेर गेला की संगीत आपोआप थांबे.

उघड्या दारातून चोरही येतात, हा आक्षेप रास्त आहे. 2003 च्या सुमारास फोनमधले पत्ते परस्पर उचलण्याचे प्रकार उघडकीस आले, 2004 मध्ये ‘कॅबिर’ हा किडा ब्लूटूथवरून पसरला. पण त्यावर उपाय कडक जोडणी आणि मालकाची परवानगी हा होता. वाय-फायने हेच काम अधिक चांगले होते, असेही म्हणतात. पल्ला आणि वेग यांबाबत ते मान्य. मात्र त्यासाठी संगणकावर वेगळा प्रोग्रॅम लागतो. ब्लूटूथच्या एचआयडी पद्धतीत फोन स्वतःच कीबोर्ड आणि माउस बनतो, संगणकाला आणखी काही लागत नाही. 2005 च्या सोनी एरिक्सन के750 मध्ये ही सोय मुळातच होती. अँड्रॉइडने अ‍ॅप लिहिणाऱ्यांना तिची अधिकृत मुभा दिली ती नवव्या आवृत्तीत, 2018 साली.