अवघड शस्त्रक्रिया कोणती?

सर्वांत अवघड शस्त्रक्रिया कोणती, असे कोणी विचारले, तर आपण चटकन सांगतो, हृदयाची! इतिहासाची पाने चाळताना मला मात्र वाटते, की आधी एक विचारावे : अवघड कोणाला?

अठराव्या शतकात लंडनचा विल्यम चेसेल्डन मूत्राशयातला खडा मिनिटाभराच्या सुमारास काढून मोकळा होई. ही घाई ऐटीची नव्हती. भुलीचे औषध नव्हते; जागा माणूस किती वेळ तग धरील, हेच शस्त्रवैद्याचे घड्याळ.

पण प्रत्येक काम घाईने कसे उरकणार? टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी गाडीवानाला पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने नवे नाक बसवले. मेणाच्या पातळ पट्टीने माप घ्यायचे, ती कपाळावर ठेवून रेघ ओढायची, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. आणि रोगी जागाच! १७९४ च्या ऑक्टोबरात ही हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. वीस वर्षांनी, १८१४ साली, जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये याच रीतीने नाक घडवले.

१८११ साली पॅरिसमध्ये इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिचे स्तन जागेपणीच कापून काढले गेले. बहिणीला धाडलेल्या पत्रात तिने ते दुःख लिहून ठेवले. ती १८४० पर्यंत जगली. शस्त्र चालवणाऱ्यांत नेपोलियनचा नामांकित शस्त्रवैद्य लारे होता. पण त्या दिवशीचे अवघड काम कोणी केले, हे सांगायला नकोच.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन सर्वांसमक्ष शस्त्रक्रिया झाली. १८६७ साली लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखम निर्मळ राखण्याची रीत प्रसिद्ध केली. वेदना हटली, पू आवरला, आणि शस्त्रवैद्याला प्रथमच सवड मिळाली. १८८१ मध्ये व्हिएन्नाच्या बिलरोटने जठराचा रोगट भाग काढला. १८९६ मध्ये फ्रँकफुर्टच्या रेनने हृदयाची जखम शिवली. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात गिबनने एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातले छिद्र बुजवले. तेव्हा २६ मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे काम एका यंत्राने केले. ती मात्र झोपेत होती.

आता हे ओझे शस्त्रवैद्याने उचलले आहे. शतकानुशतके ते रोग्याने वाहिले. हृदय शिवणाऱ्या हातांना नमस्कार करताना, मला वाटते, एक नमस्कार कावसजीलाही करावा.