मर्यादवेल

रत्नागिरीकडील पुळणीवर भरतीची रेषा जेथें संपते, तेथून वर वाळूवर पसरलेली एक वेल दिसते. पान जाड व टोकाशीं दुभंगलेलें. फूल जांभळट गुलाबी, सकाळीं उमलून ऊन चढतांच मिटणारें. वाचकांपैकीं पुष्कळांनीं ती पाहिली असेल; नांव मात्र थोडेच सांगूं शकतील. तें नांव मर्यादवेल. त्या नांवांत एक जुनें ज्ञान सांठविलेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

ग्रंथांतील तिची नोंदही जुनीच आहे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याचा ‘होर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ पासून ॲमस्टरडॅम येथें छापला गेला. त्याच्या अकराव्या खंडांत या वेलीचें चित्र आहे. या ग्रंथाच्या कामीं रंगभट, विनायक पंडित व अपुभट या तिघां कोंकणी वैद्यांनीं साह्य केलें. त्यांची १६७५ सालची साक्ष पहिल्या खंडांत नागरी लिपींत छापलेली आहे. पुढें १७५३ सालीं लिनियसनें वेलीस ‘बकरीचा पाय’ या अर्थाचें लॅटिन नांव दिलें, व १८१८ सालीं रॉबर्ट ब्राउननें तिला आयपोमिया या प्रजातींत घातलें.

युरोपीय पंडितानें पानाचा आकार पाहिला. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसानें वेलीचें काम पाहिलें. तिला पेऱ्यापेऱ्याशीं मुळें फुटतात. पानांआड वारा मंदावतो व त्यानें आणलेली वाळू तेथेंच बसते. वेल गाडली गेली तरी कोंभ पुन्हां वर येतात, आणि हळूहळू वाळूचा बांध उभा राहतो. तिचें बीं खाऱ्या पाण्यावर तरंगत दूरदेशीं जातें. १८८३ च्या स्फोटानें क्राकाटोआ बेट उजाड झालें, तेव्हां तेथील किनाऱ्यावर आरंभीं पसरलेल्या वनस्पतींत ही होती.

अशा वेलीस आज पुळण सुशोभित करण्यासाठीं उपटून टाकतात, व वाळूचे उंचवटेही सपाट करतात. शोभेसाठीं त्यांत फेरफार करण्यास १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनें मनाई केली होती. इकडे रत्नागिरीजवळ मिऱ्या येथें समुद्र थोपविण्यास दगडांचा बंधारा घालावा लागला. त्या धुपेचा सारा दोष वेलीच्या अभावावर ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु जेथें वेल अजून आहे, तेथें ती राखण्यास कांहींच खर्च नाहीं. समुद्रानें मर्यादा पाळावी अशी इच्छा करणाऱ्यांनीं प्रथम आपली पाळावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे.